‘वडील काय करतात?’ : पहिल्या पिढीचे पदवीधर आणि नोकरीचा शोध

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आयोजकांनी मला विषय दिला तो ‘रेझ्युमे आणि मुलाखतीची तयारी’. या विषयावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. खुर्चीत कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, ‘तुमचा एक दोष सांगा’ म्हटलं की कोणता दोष सांगायचा, सगळं त्यात असतं. ते बघू नका असं मी म्हणत नाही. पण ते ज्यांच्यासाठी केलेले असतात त्यांच्या घरात आधी कुणीतरी मुलाखत दिलेली असते, कुणीतरी घेतलेलीही असते. जेवताना ऑफिसच्या गोष्टी त्यांच्या कानावर पडलेल्या असतात. आपल्या घरात पहिला रेझ्युमे आपणच लिहितोय. आपल्या आईवडिलांनी काम मागितलं ते नाक्यावर उभं राहून, मोंढ्यात जाऊन, नाहीतर मुकादमाकडून उचल घेऊन. तिथेही माणसं निवडली जातात, पण तिथे कुणी ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ म्हणत नाही.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. माझे वडील मराठवाड्यातल्या एका मोंढ्यात हमाल आहेत. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला, कापूस वेचायला जाते. माझी फेलोशिप संपत आलीय, म्हणजे मीही तुमच्याच रांगेत उभी आहे. नोकरी मिळालेल्या माणसाचा उपदेश म्हणून माझं बोलणं ऐकू नका. रांगेत थोडी पुढे उभी असलेली बाई मागच्यांना काय दिसतंय ते सांगते आहे, असं समजा.

मला सांगायचंय ते थोडक्यात असं. नोकरीच्या बाजारात ज्याला ‘गुणवत्ता’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा घरातून मिळालेल्या माहितीचा आणि ओळखीचा असतो. माहिती शिकता येते. ओळख उभी करता येते. पण एकेकट्याने ते फार महागात पडतं, म्हणून ते मिळून करायचं. आणि तोवर जो नकार येतो, तो आपल्या लायकीचा निकाल समजायचा नाही.

आधी काळ कसा आहे ते बघू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा आकडा आहे : तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर दिसते.

हे आकडे ऐकून गावातला एखादा काका म्हणेल, ‘बघ, शिकून काय मिळालं?’ त्याला उत्तर देता आलं पाहिजे. न शिकलेल्या माणसाला बेरोजगार राहणं परवडतच नाही. एक दिवस काम नाही म्हणजे एक दिवस चूल नाही. म्हणून तो मिळेल ते, मिळेल त्या दरात करतो आणि आकडेवारीत ‘रोजगार असलेला’ ठरतो. पदवीधर त्याच्या शिक्षणाला साजेशा कामाची वाट बघतो आणि ‘बेरोजगार’ ठरतो. आपल्या घरात या दोन्ही ओळी एकाच छपराखाली असतात. बाप एक दिवस थांबू शकत नाही आणि मुलगी दोन वर्षं थांबून आहे. तिचं थांबणं बापाच्या मजुरीवर चाललेलं असतं. म्हणून आपल्याला नोकरी न मिळण्याची लाज इतरांपेक्षा जास्त वाटते. ती लाज येते कुठून हे एकदा कळलं की तिच्याशी वागणं थोडं सोपं होतं.

आपल्यासाठी दार उघडलं ते सरकारी नोकरीतून. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. पुढे संविधान आलं, मंडल आलं, १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आला. आज आपल्या वस्तीत जे पहिलं पक्कं घर दिसतं ते बहुतेक वेळा रेल्वेतल्या, पोस्टातल्या, बँकेतल्या किंवा शाळेतल्या नोकरीचं असतं. आता त्या जागा भरल्या जात नाहीत, किंवा कंत्राटावर दिल्या जातात. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करण्याचा जीआर काढला होता. विरोध झाला तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. एजन्सीने माणूस पाठवला की बिंदुनामावली कोण तपासणार? त्यामुळे खासगी क्षेत्राकडे आपल्याला जावंच लागतंय. तिथे आरक्षण नाही. मग तिथे निवड कशी होते, हे बघायला हवं.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखाच. फरक फक्त नावाचा : एक सवर्ण हिंदू नाव, एक दलित नाव, एक मुस्लिम नाव. पुढच्या टप्प्याला बोलावणं येण्याच्या संधीचं गुणोत्तर सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावासाठी ०.६७ आलं, मुस्लिम नावासाठी ०.३३. तिथे अजून कुणी कुणाला पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही, इंग्रजी तपासलेलं नाही. तो कागदावरचा फरक आहे.

दुसराही एक अभ्यास सांगते, कारण आपल्याला अर्धंच चित्र नको. मॅरिअ‍ॅन बर्ट्रांड, अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात असेच ३,१६० काल्पनिक रेझ्युमे पाठवले. २००९ मध्ये तो निबंध आला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमध्ये जातीमुळे फरक पडल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांमध्ये मात्र मिळाला : उच्चजातीय नावांपेक्षा ओबीसी नावांना बोलावणं बरंच कमी आलं, आणि काही प्रमाणात दलित नावांनाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून मी याचा अर्थ असा लावते. जिथे काम येतं की नाही हे थेट मोजता येतं, तिथे नावाचा भार थोडा कमी होतो. जिथे बोलणं, वागणं, ‘पर्सनॅलिटी’, ‘फिट’ असं काहीतरी अंदाजाने ठरवायचं असतं, तिथे आडनाव पटकन मधे येतं. म्हणून जिथे लेखी परीक्षा, टेस्ट किंवा काम करून दाखवायची संधी आहे, तिथे आपले अर्ज जास्त गेले पाहिजेत. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गटाच्या आणि ‘ब’ गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे आता मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीला जागा नाही. तयारी करताना हे ध्यानात असू द्या.

याच्या उलटचं उदाहरण माझ्या क्षेत्रातलं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापक पदासाठी शैक्षणिक गुणांचा उपयोग फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरता ठेवला. निवड मुलाखतीवर. नेट झालं, पीएचडी झाली, पेपर छापले, सगळं दाराबाहेर राहतं आणि आत वीस मिनिटांत ठरतं. मग राखीव जागेसमोर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असं लिहून येतं. इथे आपल्यापैकी जे नेट-सेट करताहेत त्यांना हे वाक्य चांगलंच ओळखीचं आहे.

आता ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाकडे येते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली आणि आसपासच्या मोठ्या कंपन्यांमधल्या २५ एचआर अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये एक लेख लिहिला. हे अधिकारी सांगतात, आम्ही जात बघत नाही, फक्त मेरिट बघतो. आणि तेच अधिकारी जवळजवळ एकमुखाने सांगतात की उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ आम्ही विचारतो. वडील काय करतात, भावंडं काय करतात, कुठे वाढलात. जात विचारली नाही, पण जातीपर्यंत नेणारा रस्ता विचारला. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीतल्या नामांकित विद्यापीठांमधून बाहेर पडणाऱ्या दलित आणि दलितेतर विद्यार्थ्यांचा नोकरीपर्यंतचा प्रवास पाहिला. शिक्षण जवळपास सारखं. पण ओळखी, घरचं पाठबळ आणि संपर्क यांमुळे वाटा वेगळ्या होत गेल्या.

माझा अनुभव सांगते. एका शहरातल्या संशोधन संस्थेत मी प्रकल्प सहायकाच्या जागेसाठी गेले होते. सर्वेक्षणाची पद्धत, नमुना कसा निवडायचा, यावर चांगली चर्चा सुरू होती. मग एका सरांनी विचारलं, ‘हे आडनाव नक्की कुठलं?’ मी जिल्हा सांगितला. ‘वडील काय करतात?’ मी म्हणाले, ‘मोंढ्यात हमाल आहेत.’ टेबलावर दोन सेकंद शांतता. मग एक मॅडम म्हणाल्या, ‘सो इन्स्पायरिंग!’ आणि त्यानंतर मला सर्वेक्षणाबद्दल एकही प्रश्न आला नाही. माझ्या संघर्षाबद्दल आले. आईबद्दल आले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मला ईमेल आला की माझा प्रवास त्यांना फार भावला.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. तिरस्काराने दार बंद होतं हे आपल्याला ठाऊक आहे. कौतुकानेही ते तितकंच घट्ट बंद होतं. समोरचा तुमच्या गरिबीवर हळहळायला लागला की तुमच्या कामाबद्दल विचारायचं थांबतो. त्या क्षणी तुम्ही उमेदवार राहत नाही, गोष्ट होता. म्हणून माझं पहिलं सांगणं : या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून जा. खोटं बोलायचं नाही, लाजायचं नाही आणि लांबवायचंही नाही. एक वाक्य वडिलांबद्दल, दुसरं वाक्य कामाबद्दल, की प्रश्न परत टेबलाच्या मधोमध. माझं आताचं उत्तर असं आहे : ‘वडील माथाडी कामगार आहेत. त्यांच्या टोळीचा हिशोब मी शाळेपासून लिहायचे, आकड्यांची सवय तिथे लागली, आणि या पदाला तीच लागणार आहे.’ महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. लढून मिळवलेला कायदा आहे तो. वडिलांच्या कामाला कायद्यात नाव आहे, तर ते नाव घ्यायला काय हरकत आहे? तुमच्या घरी आई अंगणवाडी मदतनीस असेल, वडील गवंडी असतील, ऊसतोडीला जात असतील. त्या कामाचं खरं नाव घ्या. ‘काही नाही, घरीच असतात’ असं म्हणून त्यांना पुसून टाकू नका.

आता रेझ्युमे. आपला पहिला रेझ्युमे बहुतेक वेळा झेरॉक्स सेंटरवर होतो. तिथल्या कॉम्प्युटरवर जो नमुना असतो त्याचं नाव ‘बायोडेटा’, आणि तो लग्नाच्या बायोडेटाचा सख्खा भाऊ असतो. वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, छंद. खासगी नोकरीच्या अर्जात यातलं काहीही लागत नाही. जात लिहायची नाही, धर्म लिहायचा नाही, वडिलांचा व्यवसाय लिहायचा नाही. वर नाव, फोन, साधा ईमेल पत्ता आणि शहर. खाली ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्रही नको, ते तहसील कार्यालयासाठी ठेवा. सुरुवातीला ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा’ असलं जे वाक्य असतं ते काढून टाका. ते सगळ्यांच्या अर्जात असतं, म्हणून ते कुणी वाचत नाही. त्या जागी दोन ओळींत लिहा : मला काय येतं आणि ते या कामाला कसं उपयोगी आहे.

एक पान पुरे. फाइल पीडीएफमध्ये, फाइलला तुमचं नाव. जाहिरातीत जे शब्द आहेत, उदाहरणार्थ ‘डेटा एन्ट्री’, ‘फील्डवर्क’, ‘एक्सेल’, ते तुम्हाला खरोखर येत असतील तर त्याच शब्दांत लिहा. आजकाल बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी सॉफ्टवेअरच करतं.

आपली सगळ्यात मोठी अडचण असते ती अनुभवाच्या रकान्याची. ‘मॅडम, मला काही अनुभवच नाही’ असं मला अनेक जण सांगतात. मी विचारते, कॉलेजच्या काळात काय करायचास? ‘सकाळी पेपर टाकायचो.’ किती घरं? किती वर्षं? पैसे कोण गोळा करायचं? मग कळतं की दोनशे घरांची दर महिन्याची वसुली हा मुलगा एकटा करत होता आणि हिशोब एकदाही चुकला नव्हता. हा अनुभव नाही तर काय आहे? माझ्याच रेझ्युमेवर पूर्वी एक ओळ होती : ‘बारा कामगारांच्या टोळीचा आठवड्याचा मजुरी-हिशोब तीन वर्षं ठेवला, काटापावत्यांशी ताळा घेतला.’ वस्तीतल्या मुलांना शिकवलं असेल, जयंतीच्या समितीचे पैसे सांभाळले असतील, बचत गटाचं रजिस्टर आईसाठी लिहिलं असेल, तर आकडा घालून लिहा : किती मुलं, किती रुपये, किती वर्षं. मोठं करून सांगायचं नाही. जे केलं तेवढंच, पण मोजून.

मधली रिकामी वर्षं लपवू नका. एमपीएससीची तयारी केली असेल तर तसं लिहा, सोबत शिकवणी घेतली असेल तर तीही लिहा. घरी आजारपण होतं म्हणून वर्ष गेलं, हे विचारल्यावर एका वाक्यात सांगता येतं. तारखा जुळल्या नाहीत तर पुढे पडताळणीत अडचण येते आणि हातातली नोकरी जाते.

आडनावाचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. कुणी आडनावाऐवजी वडिलांचं नाव लावतं, कुणी फक्त आद्याक्षर लिहितं. असं करणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. थोरात-अ‍ॅटवेल यांचे आकडे ज्याने वाचलेत तो असं म्हणूच शकत नाही. पण नेमणुकीच्या वेळी कागदपत्रं लागतातच, तेव्हा रेझ्युमेवरचं नाव प्रमाणपत्राशी जुळायला हवं. माझा स्वतःचा नियम साधा आहे. जिथे कायदा जात विचारतो, तिथे ती पूर्ण हक्काने सांगायची. जिथे कायदा विचारत नाही, तिथे ती आपण होऊन द्यायची नाही.

जिथे कायदा विचारतो तिथली तयारी मात्र जाहिरात येण्याआधी झाली पाहिजे. महाराष्ट्रातल्यांनी जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा. केंद्राच्या भरतीसाठी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. ओबीसींनी नॉन-क्रिमीलेयरची तारीख जाहिरातीशी जुळते का ते बघा. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना वेगळं आरक्षण आहे. केंद्रात तसा वेगळा प्रवर्ग नाही, त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा आपली नोंद कुठे आहे ते यादीत स्वतः शोधा. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपासून केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. आपण महाराष्ट्राबाहेर शिकतोय, म्हणून आणखी एक गोष्ट. एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्याच्या राज्यसेवेत आपोआप चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे महाराष्ट्राचं प्रमाणपत्र घेऊन तेलंगणाच्या राज्यसेवेत राखीव जागा मागता येणार नाही. केंद्राच्या भरतीत मात्र देशभर चालतं.

काही जण म्हणतात, मार्क चांगले आहेत, मग कॅटेगरी कशाला टाकू? टाका. केंद्राच्या नियमांनुसार वय, प्रयत्न, पात्रता यांत सवलत घेतलेली नसेल आणि गुण खुल्या कट-ऑफइतके असतील, तर तुमची निवड खुल्या जागेवरच धरली जाते आणि राखीव जागा आपल्याच दुसऱ्या कुणासाठी उरते. यूपीएससी आणि एसएससीच्या परीक्षांना अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि दिव्यांग उमेदवारांना फी नाही. केंद्राच्या अनेक भरतींमध्ये मुलाखतीला बोलावलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना प्रवासभाडं मिळतं. कॉल लेटरच्या खालच्या बारीक अक्षरात ते असतं. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते.

मुलाखतीच्या खोलीत इंग्रजीची भीती असते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. अडखळलात तर ‘हे मी हिंदीत सांगू का?’ असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. पाठ केलेलं इंग्रजी दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. आपलं साधं, हळू, नेमकं बोलणं त्यापेक्षा टिकतं. तरीही इंग्रजी रोज बोलायचा सराव करा, एकमेकांशी, हसू आलं तरी. ते हत्यार आहे, आपण ते सोडायचं नाही.

पगाराचा प्रश्न. ‘अपेक्षा किती?’ म्हटलं की आपल्या तोंडून निघतं, ‘तुम्ही द्याल तो.’ हे मजुरीच्या नाक्यावरचं उत्तर आहे. आणि नाक्यावरसुद्धा अनुभवी मजूर आधी दर विचारतो! जाण्याआधी त्या कामाचा बाजारभाव दोघा-तिघांना विचारा. त्या शहरातलं खोलीभाडं, मेस, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे मांडा. त्याच्याखालचा आकडा बोलू नका. वर्षाचं पॅकेज ऐकून हुरळून जाऊ नका, हातात महिन्याला किती येणार आणि पीएफ आहे का, ते विचारा. हे विचारल्याने कुणी नोकरी काढून घेत नाही.

आणि सावध राहा. बेरोजगारी वाढली की फसवणारेही वाढतात. रजिस्ट्रेशन फी, सिक्युरिटी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे, काहीही नाव द्या. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा नोकरी देत नाही. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवायची, सत्यप्रत द्यायची, मूळ परत आणायची. बॉण्डवर सही करण्याआधी वाचायला एक दिवस मागा आणि कुणाला तरी दाखवा.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. त्यांची मुलं मामाच्या ओळखीने इंटर्नशिपला लागतात, त्याला ‘नेटवर्क’ म्हणतात. कंपनीतला मित्र नाव पुढे करतो, त्याला ‘रेफरल’ म्हणतात. आणि आपण परीक्षा देऊन, प्रमाणपत्र तपासून घेऊन राखीव जागेवर लागलो तर त्याला ‘कोटा’ म्हणतात. या शब्दांना घाबरू नका. रेफरल मागणं म्हणजे भीक नाही. आपल्या कॉलेजचे, वसतिगृहाचे, जिल्ह्याचे जे आधी लागलेत त्यांना लिंक्डइनवर चार ओळी लिहा : मी कोण, कोणत्या जागेसाठी, सोबत रेझ्युमे, आणि ‘पंधरा मिनिटं बोलता येईल का’. दहातले सात उत्तर देणार नाहीत. तीन देतील. आणि जे लागतील त्यांच्यासाठी : बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. समाजाचं देणं फेडायचं ते असं, कुणाच्या तरी अडचणीची वेळ बघून. पगार सुरू झाला की जयंतीची वर्गणी द्याच. त्यासोबत महिन्याला दोन रेझ्युमे तपासून द्या आणि आपल्या ऑफिसमध्ये जागा निघाली की ती ग्रुपवर टाका.

नकार येणारच आहेत. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात नोकरी असूनही राहायला जागा मिळाली नाही. त्यांच्या रेझ्युमेत काय कमी होतं? म्हणून नकार आला की दोन प्रश्न वेगळे ठेवा. माझ्या तयारीत काय कमी पडलं? ते सुधारायचं. आणि समोरच्याच्या नजरेत काय होतं? ते आपलं ओझं नाही, ते आपल्या अंगावर घेऊन घरी यायचं नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने अकराव्या नकारानंतर घरी फोन करणंच बंद केलं होतं. त्याच्या आईला वाटलं पोरगा शहरात जाऊन बदलला. तो बदललेला नव्हता, सांगायला तोंड नाही म्हणून गप्प होता. घरी फोन करत जा. आईला मुलाखत म्हणजे काय ते समजावून सांगा. तिने आयुष्यभर काम मागितलंय. काम नाही म्हणून परत पाठवणं काय असतं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता काम. मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्याने मागच्या वर्षभरात कुठलीही मुलाखत दिली असेल त्याने त्यात चार गोष्टी लिहा : कोणतं पद, कोणते प्रश्न आले, घरच्यांबद्दल किंवा आडनावाबद्दल काही विचारलं का, आणि पगार किती सांगितला. स्वतःचं नाव लिहू नका. पुढच्या रविवारी आपण ती वही एकत्र वाचू आणि एकमेकांच्या सराव मुलाखती घेऊ. येताना छापील रेझ्युमे घेऊन या, एकच पान.

जय भीम. जय जोती, जय सावित्री.